तट्ट्यात घातलेल्या दोन काड्या

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. चंद्रपुरात तो कुणी सांगावा लागत नाही. सकाळी नऊलाच नळाचं पाणी चटका देतं, रस्त्यावरचं डांबर पाघळून चपलेला धरतं, आणि डोक्या-तोंडाला दुपट्टे बांधलेली माणसं डोळे तेवढे उघडे ठेवून चोरासारखी आपापल्याच घरात शिरतात. कूलरच्या वाळ्यावर पाण्याचा पहिला तांब्या मारला की एक ओला वास सुटतो. लोक त्याला सुख म्हणतात. मला त्या वासानं राग येतो. दरवर्षीच येतो, पण यंदा तळपायाची आग मस्तकात गेली, कारण यंदा नवतप्याबरोबर मोबाइलवर एक निरोपही आला.

ज्या सरांच्या हाताखाली मी नागपूरला पीएच.डी. केली ते निवृत्त होताहेत. त्यांचा गौरवग्रंथ निघतोय. 'मॅडम, तुमचा लेख हवाच. सरांसोबतच्या त्या भारलेल्या दिवसांच्या आठवणी. शक्यतो हलकंफुलकं लिहा.' आणि शेवटी हात जोडलेली दोन पिवळी चित्रं.

भारलेले दिवस! अरे बाप्पा. मी त्या निरोपाकडे बघत उभी राहिले आणि हातातला तांब्या कूलरऐवजी फरशीवर रिकामा केला.

ठीक आहे, लिहिते. पण हलकंफुलकं माझ्या हातून व्हायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आधी आम्ही करत काय होतो ते. कपाटात कपड्यांत ठेवायची डांबराची गोळी सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा रेणू म्हणजे कार्बनच्या दोन षटकोनी कड्या, एकमेकींना चिकटलेल्या. अशाच पाच कड्या नागमोडी जोडल्या की पिसीन नावाचा पदार्थ होतो. तोही डांबराच्याच कुळातला, कोळशाच्या गाळात सापडणारा. त्यातून वीज जात नाही. पण त्यात पोटॅशियम मुरवलं की तो काळा पडतो, आणि पुरेसा गार केला की विजेला तसूभरही अडवत नाही, अतिवाहक होतो, असं तेव्हा जगात बोललं जात होतं. पुरेसा गार म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांच्याही पलीकडे. आम्ही ते नागपूरच्या नवतप्यात बसून शोधत होतो. कोळशाच्या देशातली मुलगी मी, ऐकूनच हरखले. मला वाटलं, आमच्या मातीतून काढून नेलेल्या काळ्या ढेकळातून आता काहीतरी आमच्या नावाचं निघेल.

माझं काम कागदावरचं, म्हणजे संगणकावरचं. पोटॅशियम आपला एक इलेक्ट्रॉन पिसीनला देऊन टाकतं. ते पाहुणे इलेक्ट्रॉन कुठे बसतात, त्यांना हलायला जागा उरते का, हे मी काढायची. पंगतीसारखं आहे ते. पंगत अर्धी रिकामी असेल तर माणसं सरकू शकतात, आणि पदार्थ धातूसारखा वागतो. पंगत गच्च भरली आणि पुढची पंगत वरच्या मजल्यावर असली, तर सगळे जागच्या जागी. मधल्या त्या मजल्याएवढ्या अंतराला आम्ही फट म्हणायचो. फट असली की वीज नाही. वीज नाही तर अतिवाहक कुठला आलाय.

आणि कागदावरचं जे सिद्ध होईल ते प्रत्यक्ष करून दाखवायचं काम सुनंदाचं.

सुनंदा चामोर्शीची. घरी धानाची शेती. माझ्याआधी वर्षभर प्रयोगशाळेत आली होती. काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून ती पोटॅशियमचे तुकडे चिरायची. त्याला हवा लागली की संपलं, म्हणून सगळं त्या पेटीतच. मग पिसीनबरोबर खलायचं, काचेच्या नळीत सील करायचं, भट्टीत दिवसच्या दिवस ठेवायचं. हातमोज्यांतून हात बाहेर काढले की बोटं पाण्यात भिजलेल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली असायची. 'आमच्या इथी रोवणीच्या बायायचे असे हात होते,' म्हणायची. 'मी रोवणीतून सुटली म्हणून घरचे खूश, आन हात पाह्य माये.' आणि स्वतःच हसायची.

मी आरमोरीकडची. आम्ही बुरूड. बाबा बांबूचं काम करतात. सूप, टोपली, धान ठेवायच्या ढोल्या, आडोशाला लावायचे विणलेले तट्टे. आमच्या घरात उन्हाळा म्हणजे बांबू. अंगणात हिरव्या सालीचा वास, पायाखाली कुसळं, बाबांच्या मांडीवर जाड गोणपाट आणि हातातल्या कोयत्याचा एका लयीतला चर्र चर्र आवाज. आजही कुणी फर्निचरच्या दुकानात बांबू तासत असला तर माझी पावलं थांबतात. ज्या दिवसांबद्दल मला लिहायला सांगितलंय त्यातला एक नवतपा मी प्रयोगशाळेत नाही, त्या अंगणात काढला. आईला उन्हाची लू लागली होती म्हणून मी लॅपटॉप घेऊन घरी गेले होते. घरात वीज दुपारची हमखास जायची. इकडे चंद्रपुरातल्या वीजकेंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर ओकतात, आणि तिकडे दुपारी पंखा बंद. यावर कधी कुणी चिडतही नव्हतं, याचाच मला संताप यायचा. मी लॅपटॉप चार्ज झाला की पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जायची. तिथे नेटवर्क मिळायचं. डोक्याला ओलं फडकं, खिशात आईनं कोंबलेला कांदा, मांडीवर पिसीनचे रेणू.

त्या रेणूंची मांडणी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. स्फटिकात ते तिरपे, एकाला एक लागून, एक डावीकडे कललेला तर पुढचा उजवीकडे, असे रचलेले असतात. आमचा तट्टा! दोन वर, दोन खाली, पुढच्या ओळीत एक सरकवून घातलेली, माशाच्या काट्यासारखी वीण. बाबांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, 'हे तं आपलंच काम होय. कोनं विणलं?'

सरांची पद्धत अशी होती: शुद्ध पिसीनची ही चौकट जशीच्या तशी धरायची. तिच्यात मोकळ्या जागी, दर रेणूमागे दोन, पोटॅशियमचे अणू ठेवायचे. रेणू हलू द्यायचे नाहीत. मग इलेक्ट्रॉन मोजायचे. असं केलं की पंगत अर्धी रिकामी यायची. म्हणजे धातू. म्हणजे सरांना हवं ते. सुनंदाच्या आधीच्या एका नमुन्यात गार केल्यावर मोजणीची रेघ किंचित खाली झुकली होती, अतिवाहकाची खूण असावी तशी, आणि त्या झुकण्याला सरांना माझ्या आलेखाचा टेकू पाहिजे होता.

त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं बाबांना आडोशासाठी एक मोठा तट्टा सांगितला. बाबांनी तो घट्ट विणला, वाळवला, आणि मग तिथल्या लोकांनी सांगितलं की तो भिंतीला टेकवायचा नाही, उभा राहिला पाहिजे. उभा राहायचा तर आत जाड काड्या हव्यात. एरवी काडी घालायची असली की बाबा आधीपासून वीण सैल ठेवतात, तेवढी जागा सोडून विणतात. हे त्यांना झोपेतही जमतं. पण त्या दिवशी उन्हानं त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आईची काळजी होती, आणि तट्टा न्यायला माणसं दारात येऊन बसली होती. बाबांनी तयार, वाळलेल्या तट्ट्यात दोन काड्या तशाच घुसवल्या.

चर्रकन आवाज आला. काडीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, ज्या आडव्या निजलेल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. पलीकडची वीण दाटून गेली आणि मधून तट्टा उकलला. चाळीस वर्षं बांबू हातात धरलेला माणूस, त्या माणसांसमोर अगदी ओशाळला. 'माईच चुकी,' म्हणाले. 'काडी आत घालाची तं विणीले सरकाले पायजे. तिले सरकूच नाई देलं तं ते फाटनच ना. हे मले कोनं सांगाव आता?'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो तट्टा वैनगंगेच्या डोहात बुडवला, वर दगड ठेवले. दोन दिवसांनी काढला, ओल्या पट्ट्या बोटांनी सरकवल्या, तुटलेल्या बदलल्या, काड्या हळूच आत नेल्या. वीण आपोआप वेगळ्या कोनात बसली. उभा करून दाखवत मला म्हणाले, 'पाह्य. आता हा पहिलेचा तट्टा नाई राह्यला. काडी गेली ना आत, मंग आता हा दुसराच तट्टा होय.'

मी डोहाच्या काठावर उभी होते. वाळूचे चटके पायाला लागत होते आणि मी तिथून हलेना. मग पळत टाकीवर गेले.

चौकट सोडून दिली. रेणूंना हलू दिलं. पोटॅशियम आत गेल्यावर त्यांना जिकडे कलायचं तिकडे कलू दिलं. नागपूरच्या मोठ्या संगणकावर ते चार दिवस चाललं. मी रोज जिन्यावर बसून बघायची. रेणू कलत गेले, जवळजवळ काटकोनात आले, अगदी काडीशेजारच्या पट्ट्यांसारखे. पाचव्या दिवशी इलेक्ट्रॉनांच्या पंगतींचा आलेख आला. दोन्ही इलेक्ट्रॉन खालच्या पंगतीत गच्च बसले होते. वर स्वच्छ फट. धातू नाही. वीज नाही. काही नाही.

मला आनंद झाला होता, हे सांगितलंच पाहिजे. आपल्याला हवं ते आलं नव्हतं, तरी खरं आलं होतं, आणि ते माझ्या बापाच्या हातातून आलं होतं. मी तिथूनच सरांना फोन लावला. धापा टाकत सगळं सांगितलं. तट्टाही सांगितला. मूर्खासारखा तट्टासुद्धा सांगितला.

सरांनी ऐकून घेतलं. मग हसले. 'अगं, स्फटिक म्हणजे काय तुझ्या बाबांची टोपली आहे का? पेपर तयार आहे. चौकट हलवायची गरज नाही. हे नंतर कधीतरी बघू.'

आणि मी हसले. हो. त्यांच्या त्या विनोदावर मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून हसले, आणि 'बरं सर' म्हणाले. खाली अंगणात बाबा नवीन बांबू फोडत होते, त्याचा आवाज फोनमध्येही जात असणार. बारा वर्षं झाली. दुसऱ्या कुणी मला असं हसताना बघितलं असतं तर एवढं लागलं नसतं, पण माझं मला ते ऐकू येतं. कूलरच्या वाळ्याला डोहातल्या तट्ट्यासारखा ओला वास सुटला की येतं.

पेपर छापून आला. पहिलं नाव माझं. हलू न दिलेल्या चौकटीचा आलेख, अर्धी रिकामी पंगत, सुबक, रंगीत. सरांनी तो मोठा करून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला. मी घरी पेढे नेले. बाबांनी विचारलं, 'तो कललेला फोटो हाय का याच्यात?' मी म्हटलं, नाही, तो पुढच्या वेळी. त्यांनी पेढा देवापुढे ठेवला.

आता सुनंदाचं ऐका. तिनं त्या आलेखावर विश्वास ठेवून नमुने करायला घेतले. एक केला, वीज जाईना. दुसरा केला, जाईना. पेटी धुतली, पोटॅशियम नवं मागवलं, भट्टी बदलली. काळी भुकटी तर सुरेख यायची, पण तिचा अडथळा इतका की मीटर हात वर करायचं. ती बरोबरच करत होती! जे धातू नव्हतंच ते धातूसारखं वागत नव्हतं, यात तिचा काय दोष? एका सोमवारच्या बैठकीत सर उठले, भिंतीवरच्या माझ्या आलेखावर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, 'थिअरी सांगते धातू आहे. मग दोष तुझ्या हातात आहे. काही हातांना यशच नसतं.'

मी तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. माझ्या बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये फटीचा आलेख होता. मी बॅगेची चेन लावून घेतली. सुनंदा मान खाली घालून आपली बोटं बघत होती.

मला सरांचा राग येतो, तो येऊ दे, तो रास्त आहे. निसर्गाला कोपऱ्यात दाबून 'तू धातूच आहेस' म्हणून कबूल करून घेणाऱ्या माणसाचा राग यायलाच हवा. एखाद्या माणसाच्या घरच्या कामावरून हसणाऱ्याचा तर यायलाच हवा. टोपली म्हणे! त्या टोपलीत जेवढं शास्त्र होतं तेवढं त्यांच्या पेपरात नव्हतं. हे सगळं मी बारा वर्षं कूलरसमोर बसून स्वतःला सांगते, आणि सांगताना मला जरा बरंही वाटतं. कारण तोवर मला त्या संध्याकाळच्या मेसकडे बघावं लागत नाही.

मेसमध्ये सुनंदा माझ्यासमोर ताट घेऊन बसली. वरणात भात कालवत राहिली, खाल्लं काही नाही. मग म्हणाली, 'खरं सांग वो. तुये हिशेब बरोबर आहेत ना? तसं असन तं मंग मीच कुठीतरी चुकून राह्यली.'

किती सोपं होतं. माझी बॅग बाकावर, माझ्या मांडीला लागून होती. पण माझा प्रबंध त्याच आलेखावर उभा होता, आणि महिन्यात तो द्यायचा होता.

मी म्हटलं, 'पुन्हा करून पाहा.'

तिनं पाहिलं. आणखी नऊ महिने. मी डॉक्टर झाले, चंद्रपूरच्या कॉलेजात लागले. ती काही न होता चामोर्शीला परत गेली. पुढे जगभरात इतरांनाही ते अतिवहन धड सापडेना, चर्चा विरली, आमचा पेपर कुणी खोटा ठरवला नाही, विसरून गेले एवढंच. सर मोठे होत गेले. भिंतीवरचा आलेख म्हणे अजून तिथेच आहे, आता काचेच्या चौकटीत.

तर हा निरोप आला आणि मी माळ्यावरची जुनी हार्ड डिस्क काढली. चालते की नाही अशी धाकधूक होती. चाललीच. फटीचा आलेख तसाच होता, फाइलचं नाव मी तेव्हा 'तट्टा' ठेवलं होतं. तो पेन ड्राइव्हवर घेतला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि एस.टी. धरली. गडचिरोलीला बस बदलली. खिडकीतून ओव्हन उघडल्यासारखी हवा येत होती, शेजारची बाई झोपेत माझ्या खांद्यावर कलंडत होती, आणि मी सबंध वाट मनात सरांशी भांडत होते. एकेक वाक्य घासूनपुसून तयार करत होते.

सुनंदाचं चामोर्शीला बाजाराच्या रस्त्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मला बघून ती उठली, माठातलं पाणी दिलं. 'एवढ्या उनात? पागल झाली का तू?' मी पेन ड्राइव्ह पुढे केला आणि म्हटलं, एक प्रिंट काढ. तिनं लावला, फाइल उघडली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती बोट लावून फट बघत राहिली. खालची पंगत, वरची पंगत, मधली कोरी जागा. मग कोपऱ्यातली तारीख बघितली. पेपरच्या आधीची.

मी बोलायला लागले. सर, गौरवग्रंथ, टोपली, चौकट, सगळं भडाभडा. मी हे सगळं लिहून पाठवणार आहे, म्हटलं, तुझे नमुने बरोबर होते, तुझ्या हाताला दोष नव्हता, हे छापून यायलाच पाहिजे, त्यांनी नाही छापलं तर मी त्या पेपरवर दुरुस्ती पाठवीन, माझं नाव पहिलं आहे, मला तो हक्क आहे. माझा आवाज चढला होता. बाहेर सातबाराची झेरॉक्स घ्यायला आलेला एक म्हातारा दारातच थबकला.

सुनंदानं मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, 'सरानं मले म्हटलं ते त्याईच्या संगं गेलं. मले माहीत होतं थो मानूस कसा आहे. पन मी तुले इचारलं होतं. सराले नाई, तुले. मेसमंधी.'

माझ्याजवळ तयार केलेली सगळी वाक्यं सरांसाठी होती.

'तुया राग सरावर आहे,' ती म्हणाली. 'माया तुयावर आहे. थो मी तुले माफ गिफ करून नाई राह्यली. लिही तू. मेसचंही लिही. थे सोडून लिहशीन तं लिहूच नको.'

'लिहीन,' मी म्हटलं.

तिनं म्हाताऱ्याला आत बोलावलं, त्याची झेरॉक्स आधी काढून दिली. मग मशीनमध्ये नवे कागद भरले, ते अंगठ्यानं सरळ केले, आणि आलेख स्क्रीनवर पुन्हा उघडून मला विचारलं, 'किती कॉप्या काढू?'